लहान खोलीचं प्लास्टर

४ सप्टेंबर, मंगळवार

झाली एकदाची सही! घर बांधायला वीस वर्षांचं कर्ज. हप्ता दोघांच्या पगारावर बेतलेला — एकाचा थांबला की गाडी रुतली. बँकेतल्या साहेबांनी हे दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना माझ्याकडे बघून हसले. "म्हणजे मॅडम, नोकरी सुरूच राहणार ना? मध्ये काही... ब्रेक वगैरे?" काय विचारायचंय ते सरळ विचारा की! लग्नाला चार वर्षं झालेल्या बाईला सगळे एकच प्रश्न विचारतात, फक्त शब्द बदलून.

कागद सगळे वाचले. साहेब घड्याळ बघत होते, नवरा छत. एका ठिकाणी माझ्या नावापुढे 'गृहिणी' छापलं होतं. दुरुस्त करून घेतलं. न वाचता सही केली असती तर? नवरा तर पंपांच्या दुकानात कामाला, पंप परत घेतानासुद्धा गिऱ्हाईक सांगेल तो बिघाड खरा धरतो.

साक्षीदार बाबा. त्यांचं आयुष्य गवंडीकामात गेलं, शाळेचं तोंड पाहिलं नाही. आमच्या घरातून शाळेत गेलेली पहिली मी, आणि तिसरीत असताना मीच त्यांना सही शिकवली. उजव्या हाताने काही केल्या येईना. शेवटी पेन्सिल डाव्या हातात दिली — थापी धरतात त्या हातात — आणि अक्षरं उमटली. आजही तशीच केली. जीभ बाहेर, कपाळावर घाम. शिपाई गालात हसला. मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो पाणी आणायला निघून गेला.

५ सप्टेंबर, बुधवार

वीस वर्षं. म्हणजे कर्ज फिटेल तेव्हा मी पन्नाशीची. हे काल कसं सुचलं नाही?

२० सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टरबाईंकडे एकटीच जाऊन आले. ऑफिसात सांगितलं दाढ दुखते. घरी सांगितलं ऑफिसात उशीर. दोन ठिकाणी दोन थापा! सवय नाही मला.

तपासण्या दिल्या. आधी हा मोठा फॉर्म. नाव, वय, आजार, ऑपरेशन, पतीचं नाव, पतीचा व्यवसाय. सगळे रकाने नीट भरले. विमा कचेरीत दाव्यांच्या टेबलावर बसते मी, अर्धवट फॉर्म आला की परत पाठवते. स्वतः अर्धवट कसा देऊ?

रिपोर्ट आले की फोन करतील म्हणाल्या.

२४ सप्टेंबर, सोमवार

आज तो दुकानातून लवकर आला. हातपाय न धुता तसाच बसला. मग एकदम — "तुला काही सांगायचंय का?"

मला! मी म्हटलं, नाही बाई. का?

"काही नाही. सहज."

हा माणूस सहज काही विचारत नाही. त्यालाच काहीतरी सांगायचं असणार.

२५ सप्टेंबर, मंगळवार

फोनची वाट बघून शेवटी मीच गेले. काउंटरवरची मुलगी म्हणते, "काल फोन केला होता की!" मला तर आला नाही. न केलेला फोन केला म्हणायचा! रोज यांचीच बिलं तपासते मी, मला नको शिकवू.

डॉक्टरबाई चांगल्या आहेत. गोडगोड बोलल्या नाहीत. मूल आपोआप होण्याची आशा फार कमी. उपचार आहेत, पण उशीर करू नका — वर्षाच्या आत सुरू करा, पुढे औषधं साथ देत नाहीत. "आणि पुढच्या वेळी दोघं या."

खर्च ऐकला. तेवढ्यात नव्या घराची अख्खी लहान खोली उभी राहील.

त्याला सांगितलं तर तो घर थांबवेल. लगेच थांबवेल, माहीत आहे मला. भाड्याच्या खोल्या बदलत वाढलेला माणूस. अजूनही घरात खिळा ठोकताना घाबरतो, मालक ओरडेल म्हणून. त्याचं घर माझ्यामुळे अडणार? आणि उपचार फसले तर — घरही नाही, मूलही नाही, आणि जन्मभर एकमेकांची तोंडं.

स्लॅब पडू दे. एकदा घर मागे फिरवता येणार नाही इतकं झालं की सांगेन.

१४ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर बजेट. तो, मी आणि कॅल्क्युलेटर. सासूबाई पलंगावरून सल्ले देत होत्या. "न्हाणीघर मोठं ठेवा. माणूस तिथेच काय तो सुखाने बसतो."

काटछाट केली. गच्चीचा कठडा साधा. कपाटं नंतर. लहान खोली — नुसत्या विटा, प्लास्टर तीन वर्षांनी. मीच सुचवलं. त्याने कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तीन वर्षं लागतील?" मी म्हटलं, घाई काय आहे? आवाज नेहमीसारखाच आला, नशीब.

तळाशी 'इतर' म्हणून एक रक्कम टाकली. उपचारांचे पैसे तिथून जमवायचे, हळूहळू. लोक दाव्यांमध्ये हेच करतात आणि मी लाल पेनाने गोल करते! वाटलं, हा आता विचारणार. बोट ठेवलंच त्याने. "हे 'इतर' काय?"

"किरकोळ. बस-रिक्षा, मजुरांचा चहा..."

"असू दे. वाढव हवं तर."

वाढव! दाराच्या बिजागरीसाठी ज्याने तीन दुकानं पालथी घातली तो माणूस 'इतर' वाढव म्हणतो? काहीतरी शिजतंय.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

स्लॅब पडला. सगळे खूश. सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं.

संध्याकाळी तो गॅलरीत फोनवर. दार ओढून घेतलेलं. "...नको, तिला कळलं तर माझी धडगत नाही... बरं, बरं, बघू." मी चहा घेऊन गेले तर फोन खिशात. "कोण?" — "ठेकेदार." ठेकेदाराशी बोलताना हा ओरडतो. मघाशी अगदी अदबीने बोलत होता.

१६ डिसेंबर, रविवार

आई-बाबा येऊन गेले. बाबांच्या हातांना तेल चोपडलेलं, बोटांच्या चिरांत सुद्धा. म्हटलं हे काय? आई घाईने म्हणाली, "थंडी आहे ना." बाबा, दुपारी झोपता ना, पाठ शेकता ना, सगळं विचारलं. कामावर बांबूंच्या परांचीवरून पडल्यापासून पाठ कायमची गेली. तेव्हाच शब्द घेतला होता त्यांच्याकडून — पुन्हा परांचीवर पाय ठेवायचा नाही. म्हणाले, "अगं, मी आता रिटायर साहेब. मंडळींबरोबर पत्ते कुटतो दिवसभर."

रोज फोन करते तेव्हा 'पत्ते खेळायला गेलेत' असंच सांगते आई. एवढे कसले पत्ते! पैसे लावून तर खेळत नाहीत?

२१ डिसेंबर, शुक्रवार

डब्याची गोष्ट. नवऱ्याचा डबा हल्ली मोठा झाला आहे. पोळ्या दुप्पट. सासूबाई भरतात. मी विचारलं तर म्हणे, "पुरुषाची भूक, वाढते कधी कधी." भूक वाढली तर माणूस दिसायला नको वाढलेला?

आणि थर्मास. त्यात चहा. बिनसाखरेचा! जो माणूस कपात तीन चमचे साखर घालतो, तो बिनसाखरेचा चहा दुकानात नेतो?

ही कोण बिनसाखरेची?

छे! असलं काही लिहू नये. पण लिहिलं.

६ जानेवारी, रविवार

साइटवर गेलो. रविवारी काम बंद, म्हणून निवांत बघता येतं. बाकीच्या दिवशी मी ऑफिसात.

लहान खोलीला प्लास्टर!

अर्ध्याअधिक भिंती झालेल्या. बजेटमध्ये नाही, मी सांगितलं नाही. मी नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीकडे. "ठेकेदाराचं सिमेंट उरलं असेल, लावलं असेल."

उरलेलं सिमेंट ठेकेदार स्वतःच्या घरी नेतो, साहेब. गवंड्याच्या पोरीला नका सांगू.

८ जानेवारी, मंगळवार

ठेकेदाराचं बिल आलं. वाचलं. परत वाचलं. लहान खोलीचं सिमेंट आणि वाळू आहे, मजुरी नाही. फुगवलेलं बिल मला लांबून वास येऊन कळतं. पण कमी लावलेलं बिल? चुकून? ठेकेदार चुकून जास्त लावतो, कमी कधीच नाही.

नवरा म्हणतो, "कमी आलं तरी तक्रार?"

ऑफिसातल्या मोठ्या बाईंना आडून विचारलं — एखादा खर्च बिलात नसेलच तर? त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "म्हणजे तो दुसऱ्या कोणीतरी भरलाय. आणि त्याला बदल्यात काहीतरी हवंय."

बदल्यात! लहान खोलीच्या बदल्यात कोणाला काय हवं असेल हे सांगायला ज्योतिषी नको. सासूबाई. त्यांच्या ठेवीतून. म्हणजे खोली बांधून द्यायची आणि मग माझ्याकडे बघत बसायचं — आता भर ती खोली!

१३ जानेवारी, रविवार

विचारलंच सासूबाईंना. भाजी निवडताना.

"आई, लहान खोलीची मजुरी तुम्ही दिलीत?"

"मी?" हातातली जुडी खाली ठेवली त्यांनी. "अगं, माझ्याकडे पैसे असते तर आधी पुढचे दात नसते बसवले? दोन वर्षं झाली फुटाणे चोखून खाते!"

"मग कोणी दिली?"

"आणि दिली असती तर अख्ख्या गल्लीला सांगून दिली असती. गुपचूप द्यायला मी काय खुळी आहे?"

हे मात्र पटलं. त्या खरंच सांगत सुटल्या असत्या. पण मग जाता जाता म्हणाल्या, "खोली होते आहे ना, ती बघ. कोण करतंय ते कशाला खोदत बसतेस?"

म्हणजे माहीत आहे! यांनाही माहीत आहे. घरात मी सोडून सगळ्यांना माहीत आहे.

२० जानेवारी, रविवार

आज पुरावा मिळाला.

लहान खोलीची खिडकीकडची भिंत. पहिला हात दिलेला, अजून खडबडीत. थापीचे फटकारे दिसतात. घरातल्या सगळ्या भिंतींवर ते एका बाजूचे, आणि या भिंतीवर डोक्याच्या उंचीपर्यंत उलटे. त्याच्या वर पुन्हा सुलटे. एका भिंतीवर दोन माणसं कशाला? खाली शिकाऊ, वर जाणता?

ठेकेदाराचा ओळंबा कोपऱ्यात पडला होता. लहानपणी माझं खेळणं तेच. वरून दोरा सोडला — खाली वजन भिंतीला टेकलं. बोटभर फुगलेली! चांगलं पोट आलंय भिंतीला.

तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. "कोणाच्या हातचं आहे हे? पोरं शिकवायला माझं घर सापडलं का?"

"नाही ताई... जुना माणूस आहे."

"मग जुना माणूस आंधळा आहे!"

"ताई, घासून सरळ करून देतो ना. राहू द्या."

"फोडा. नाहीतर कर्जाचे पुढचे पैसे सुटण्याआधी बँकेचा इंजिनिअर बघायला येईल, त्याला हीच भिंत पहिली दाखवते. आणि ज्याने केली त्याच्याच हाताने फोडून घ्या. म्हणजे जन्मभर लक्षात राहील."

मग "बरं" म्हणाला.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. "एवढं काय गं? बाळाला कळणार आहे का, भिंत वाकडी आहे म्हणून?"

बाळाला! कुठलं बाळ? कोणाला कबूल केलंस तू बाळ? — मी ओरडले. रिकाम्या घरात केवढा आवाज घुमतो. तो काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, "चल, उशीर होतोय."

परतताना स्कूटरवर मी मागचा दांडा धरून बसले, त्याला नाही.

२२ जानेवारी, मंगळवार

बोलणं बंद आहे. डबा अजूनही दुप्पट.

२४ जानेवारी, गुरुवार

अर्धी रजा टाकली. न सांगता साइटवर. आज पकडायचंच म्हणून.

बाहेर नवऱ्याची स्कूटर. आत छिन्नीचा आवाज. लहान खोलीच्या दारात उभी राहिले. तो सिमेंटच्या गोणीवर बसून थर्मासमधला चहा ओतत होता. आणि भिंतीपाशी, पालथ्या घमेल्यावर बसून, डाव्या हाताने हातोडा मारत होते माझे बाबा.

अंगभर धूळ. भुवया पांढऱ्या. मला बघून हातोडा मागे लपवला, लहान मूल लपवतं तसा. मग हसले. "आल्या का मॅडम! बघा, जुन्या माणसानेच फोडली हो. ठेकेदाराला बोलू नका."

माझ्या तोंडून काय निघावं? "शब्द दिला होतात मला!"

"परांचीवर चढणार नाही म्हणालो होतो. चढलो का? विचार यांना. जमिनीवर उभा राहून हात पोचला तेवढंच केलं. वरचं ठेकेदाराच्या माणसांनी, माझ्या शब्दाखातर फुकटात." नवरा मान डोलावत होता, कोर्टात उभा असल्यासारखा. "आणि तुझंच बरोबर आहे, पोरी. बोटभर बाहेर गेली होती. डोळा आता दोऱ्यावर ठरत नाही, धूर धूर दिसतं. दुसऱ्याच्या घरात मीच फोडायला लावली असती."

बिनसाखरेचा चहा. मधुमेह बाबांना. दोन माणसांचा डबा. तेल लावलेले हात. एक गोष्ट नव्हती यातली जी मला दिसली नव्हती!

"पण कशासाठी, बाबा?"

"जावई म्हणाले, लहान खोली तीन वर्षांनी. म्हटलं, खोलीसाठी थांबलेत होय! मग खोलीच उरकून टाकू. तीन वर्षांनी माझा हात चालेल की नाही कोणी सांगावं?" मग नवऱ्याकडे वळून, "हे नकोच म्हणत होते. मीच यांच्या मागे लागलो, फोन करकरून."

खोलीसाठी थांबलेत. मी बाबांकडे बघू शकले नाही. भिंत वाकडी होती, हे माझं बरोबर. बिलात मजुरी नव्हती, बरोबर. सगळे मिळून लपवत होते, तेही बरोबर. आणि ज्या नातवासाठी हा माणूस धूर दिसणाऱ्या डोळ्यांनी भिंत लिंपत होता, त्याचं काय ते फक्त मला माहीत, आणि मी लपवून बसलेय, हेही बरोबर.

बाबांनी चहाचा कप माझ्यापुढे केला. "घे. कडू आहे, पण गरम आहे."

२५ जानेवारी, शुक्रवार

आता त्याला सांगायलाच हवं. आजही नाही जमलं.

२७ जानेवारी, रविवार

भिंत पुन्हा केली. तिघांनी. नवरा माल कालवायला. पंप विकणारा माणूस, कालवला तसाच. बाबा म्हणाले, "जावईबापू, ही खीर नाही, एवढं पातळ नको!" मी दोरा धरून उभी. डोळा माझा, हात त्यांचा.

"बोल."

"अर्धं बोट आत घ्या."

"आता?"

"किंचित. हं... बस्स."

फटकारे उलटे पडत होते, एकेक. तिसरीत पेन्सिल डाव्या हातात दिली तेव्हा अशीच वाट बघत उभी होते मी.

शेवटी दाराकडच्या कोपऱ्यापाशी आले. बाबा खाली बसले आणि त्या कोपऱ्याची धार अंगठ्याने गोल करत गेले. जमिनीपासून जेमतेम कमरेपर्यंत. वर धार तशीच ठेवली. मी विचारलं, हे काय?

"इथवर डोकं लागतं त्यांचं. धावताना."

मला वाटलं ओरडावं, नका करू, बाबा, थांबा. दोरा हातात तसाच. वर बघितलं तर नवरा कोपऱ्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

२८ जानेवारी, सोमवार

सकाळी बूट घालता घालता तो म्हणाला, "उद्या सुट्टी टाकलीय. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या ना, दोघं या."

मी हातातला डबा खाली ठेवला.

"सप्टेंबरात फोन आला होता त्यांचा. माझ्या फोनवर. तू सांगशील, तू सांगशील म्हणून थांबलो." मग लेस बांधत, खाली बघून, "'इतर'मध्ये अजून कमी पडत असतील ना?"

नंबर मीच दिला होता. एकही रकाना रिकामा सोडला नव्हता मी.